सापडलेलं उत्तर तपासायचं कसं? प्रश्नमंजुषेच्या नव्या भिडूंसाठी

ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण? मराठी शाळेतल्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाका, उत्तर एका सुरात येईल: खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्यपदक. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण परीक्षकाच्या कागदावर नॉर्मन प्रिचर्ड हे नाव असू शकतं. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्डने १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर धावणं आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्यपदकं मिळवली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यात धरते. ॲथलेटिक्सचे काही इतिहासकार त्याला ब्रिटनचा खेळाडू मानतात, तो आणखी वेगळा फाटा. खाशाबांचं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. प्रश्नात ‘स्वतंत्र’ हा शब्द आहे की नाही, एवढ्यावर गुण इकडचे तिकडे होतात.

आंतरशालेय प्रश्नमंजुषेत उतरणारे, कॉलेजच्या क्विझ क्लबात नव्याने आलेले आणि स्पर्धा परीक्षेचं सामान्यज्ञान घोकणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. हातात फोन असला तरी पुरे. मी प्रश्न सोडवतो त्यापेक्षा काढतो जास्त, त्यामुळे सल्ल्यांमध्ये प्रश्न काढणाऱ्याचा संशयी स्वभाव दिसेल, तेवढं सांभाळून घ्या.

पहिली पायरी: सर्च उघडण्याआधी प्रश्न फोडा

प्रश्न कागदावर लिहा आणि त्यातले अट घालणारे शब्द अधोरेखित करा. पहिला, एकमेव, सर्वात उंच, सध्या, अधिकृत, स्वतंत्र, पूर्ण लांबीचा. हे शब्द साधे दिसतात, पण उत्तर त्यांच्यावरच उभं असतं.

‘भारतातलं सर्वात उंच शिखर’ घ्या. बहुतेक पुस्तकांत कांचनगंगा असतं, उंची ८,५८६ मीटर. काही पुस्तकांत के-टू असतं, ८,६११ मीटर. दोन्ही उंच्या बरोबर आहेत. के-टू पाकव्याप्त काश्मीरमध्ये येतं. भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे तो आपला भाग, पण आज तिथे ताबा आपला नाही. म्हणजे इथे भूगोल तपासून भागत नाही, प्रश्नकर्त्याने ‘भारत’ म्हणताना कुठली रेघ मनात धरली आहे ते ओळखावं लागतं.

‘पहिला’ हा शब्द तर सगळ्यात लबाड. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. नुसतं ‘पहिली रेल्वे’ म्हटलं, तर मद्रासजवळ दगड वाहण्यासाठी १८३७ मध्ये धावलेली रेड हिल रेल्वे मध्ये येते.

चित्रपटांचं उदाहरण जरा सविस्तर बघू, कारण त्यात एकात एक गुंतलेले तीन प्रश्न आहेत. पहिला भारतीय चित्रपट कोणता? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. पण त्याच्या एक वर्ष आधी, १८ मे १९१२ ला, गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. मग तो पहिला का नाही? कारण तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, छायालेखक ब्रिटिश होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती. फाळक्यांचा चित्रपट कथापट म्हणून रचलेला, पूर्ण लांबीचा. म्हणून ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असं नीट विचारलं तर वाद उरत नाही, आणि नुसतं ‘पहिला चित्रपट’ विचारलं तर उरतो. हा झाला एक गुंता. दुसरा तारखेचा: ‘राजा हरिश्चंद्र’ कधी लागला? कुठे २१ एप्रिल १९१३ मिळेल, कुठे ३ मे १९१३. पहिली तारीख निमंत्रितांसाठीच्या खेळाची, दुसरी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठीची. तिसरा गुंता नावाचा: दोघेही ‘दादासाहेब’. घाईत शोधणाऱ्याच्या वहीत तोरण्यांचा चित्रपट फाळक्यांच्या नावावर चढतो तो इथेच.

प्रश्न असा फोडला की नेमकं काय शोधायचं आहे ते कळतं. कधीकधी हेही कळतं की प्रश्नच अर्धवट आहे. अर्धवट प्रश्नाला पक्कं उत्तर शोधत बसू नका, दोन्ही उत्तरं त्यांच्या अटींसकट लिहून ठेवा.

दुसरी पायरी: काय टाइप करायचं

अख्खा प्रश्न जसाच्या तसा सर्चमध्ये चिकटवायची सवय आधी सोडा. तसं केलं की वर येतात ती सामान्यज्ञानाची संकेतस्थळं, जिथे तोच प्रश्न, तेच चार पर्याय आणि तीच चूक एकमेकांवरून उतरवलेली असते. प्रश्नातले वेगळे, नेमके शब्द उचला. ‘मुंबई इलाख्यातल्या कोणत्या शहरात अमुक वर्षी अमुक संस्था स्थापन झाली’ असल्या लांबलचक प्रश्नातून संस्थेचं नाव आणि वर्ष एवढंच टाकलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुमच्या मनातलं उत्तर शोधशब्दांत घालू नका. ‘खाशाबा जाधव पहिले ऑलिम्पिक पदक’ असं टाकलं की सर्च इंजिन त्या शब्दांची पानं शोधून आणणार. ती पानं तुम्हाला ‘हो’ म्हणणारच. त्याऐवजी ‘भारत ऑलिम्पिक पदके १९०० ते १९५२ यादी’ असं तटस्थ काहीतरी टाका. उत्तर मनात पक्कं असेल तर मुद्दाम त्याच्या विरुद्ध शोधा: या उत्तराला प्रतिस्पर्धी कोण असू शकेल, असा विचार करून. के-टू, प्रिचर्ड, तोरणे ही नावं अशीच हाती लागतात.

मराठीत शोधताना शुद्धलेखनाची एक कटकट असते. विश्वकोश आणि विश्वकोष, फिरोजशहा आणि फिरोझशाह, गोपाळ आणि गोपाल, प्रत्येक जोडीला निकाल थोडे वेगळे. म्हणून एक नाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, आणि मग तेच नाव इंग्रजी स्पेलिंगने. मराठीत एखाद्या विषयावर पाच ओळी सापडतात तिथे इंग्रजीत पंचवीस पानं असतात. स्थानिक इतिहासात मात्र उलटही होतं. एखाद्या वाड्याचा, बारवेचा किंवा तालमीचा उल्लेख इंग्रजीत कुठेच नसतो आणि मराठी दैनिकाच्या पुरवणीत तपशीलवार असतो.

जुन्या गोष्टींसाठी जुनी नावं वापरा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत पुणे म्हणजे पूना, ठाणे म्हणजे टॅना. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर त्यातलं फारसं काही हाती येत नाही. नव्या नावांचंही तेच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. या जिल्ह्यांबद्दल काही शोधताना दोन्ही नावं टाकली नाहीत तर अर्धी माहिती निसटते.

सर्चच्या खुणा फार नाहीत, चार-पाच आल्या की काम भागतं. शब्दसमूह दुहेरी अवतरणात टाकला की तो तसाच्या तसा शोधला जातो. एखाद्या शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाची खूण लावली की तो शब्द असलेली पानं गळतात. ‘साइट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून कोलन द्या आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ लिहा, म्हणजे शोध सरकारी संकेतस्थळांपुरता राहतो. तसंच ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ केलं की अहवाल, राजपत्रं, जुनी पुस्तकं वर येतात. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या शब्दांनंतर कोलन आणि वर्ष दिलं की काळाची मर्यादा घालता येते. एखादी अफवा कधी सुरू झाली ते शोधायला हे फार कामाचं.

तिसरी पायरी: सगळ्यात वर दिसणाऱ्या चौकटीपाशी थांबू नका

हल्ली शोधलं की पानाच्या डोक्यावर तयार उत्तराची चौकट येते. कधी ती एखाद्या संकेतस्थळातला उतारा असते, कधी एआयने जुळवलेला मजकूर. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत एआयची उत्तरं सुरू केली तेव्हा पिझ्झावर चीज चिकटून राहावं म्हणून गोंद घालायचा सल्ला काहींना मिळाला. त्याचं मूळ होतं रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरचा एक जुना विनोद. दररोज एक छोटा दगड खावा असाही सल्ला आला, तो ‘द ओनियन’ या विनोदी नियतकालिकातला. यंत्राला थट्टा कळली नाही. असे ढोबळ घोटाळे नंतर दुरुस्त होतात, पण सनावळीतली एका वर्षाची चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि ती तशीच राहते.

या चौकटीचा उपयोग एवढाच करायचा: त्यात दिलेला दुवा उघडायचा आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का ते बघायचं. अनेकदा दुव्यावरच्या पानात वर्ष असतं, पण ते दुसऱ्याच घटनेचं. चॅटबॉटला विचारत असाल तर तोच नियम. शोधशब्द सुचवायला, प्रश्नातल्या पळवाटा दाखवायला तो चांगला. अंतिम पुरावा म्हणून ‘एआयने सांगितलं’ हे कुठलाही परीक्षक मानणार नाही, मीही मानत नाही.

चौथी पायरी: उत्तराच्या उगमापर्यंत जा

नवखा माणूस इथे एक हिशेब मांडतो: दहा संकेतस्थळांवर हेच लिहिलंय, म्हणजे बरोबरच असणार. दहा नळांना एकच पाणी येतंय, कारण टाकी एक आहे, ही शक्यता त्याच्या डोक्यात येत नाही.

ट्रिव्हियाच्या दुनियेत या बाबतीत एक गाजलेला खटला आहे. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकात ट्रिव्हियाचा कोश काढला. आपली माहिती कोणी चोरली तर कळावं म्हणून त्यांनी त्यात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली: कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. मालिकेतल्या संवादांत हे नाव कधीच सांगितलेलं नाही. पुढे ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ हा बैठा खेळ निघाला आणि त्याच्या एका कार्डावर कोलंबोचं नाव चक्क ‘फिलिप’ आलं. वर्थनी १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळ काढणाऱ्यांनी नाकारलं नाही. तुमचं पुस्तक वापरलं, इतरही पुस्तकं वापरली, असं ते म्हणाले. न्यायालयाने निकाल दिला तो वर्थच्या विरुद्ध, कारण वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. ज्या ‘वस्तुस्थिती’वरून भांडण पेटलं ती मुळात बनावट होती, हा त्यातला विनोद. आणि ‘फिलिप कोलंबो’ त्यानंतरही अनेक ठिकाणी छापून येत राहिला.

इंटरनेटवर हे आणखी सोपं झालं. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असं घातलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं. मग विकिपीडियाच्या लेखात त्याच वर्तमानपत्रांचा संदर्भ लागला. चक्र पूर्ण झालं, आणि खोट्या नावाला पुरावाही मिळाला.

म्हणून कुठलंही पान वाचताना विचारायचं: यांना हे कुठून कळलं? विकिपीडिया वाईट नाही, सुरुवात तिथूनच करा. पण लेख वाचून थांबू नका. वाक्याच्या शेवटी जो छोटा आकडा असतो त्यावर टिचकी मारा आणि तळटीपेतल्या मूळ संदर्भावर जा. आकडा नसेल तर ते वाक्य तात्पुरतं समजा. लेखाचा ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पानंही उघडून बघा. वाद असलेल्या तारखांवर तिथे लोकांनी हिरिरीने भांडलेलं असतं आणि त्या भांडणात चांगले संदर्भ सापडतात.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे हॉकी. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं गेलं. त्याचा सरकारी आदेश शोधायला गेलात तर मिळत नाही, कारण तो नाहीच. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहिती अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित झालेला नाही. २०२० मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने पुन्हा विचारलं, तेव्हाही उत्तर तेच. ‘अधिकृत’, ‘राष्ट्रीय’, ‘राज्य’ असे शब्द आले की शासन निर्णय, राजपत्र किंवा कायदा कुठे आहे ते शोधायचं. हिंदी राष्ट्रभाषा आहे का, या नेहमीच्या प्रश्नालाही हेच लागू. संविधानाचा अनुच्छेद ३४३ उघडा, तिथे देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा म्हटली आहे, राष्ट्रभाषा नव्हे.

कुठला प्रश्न कुठे न्यायचा

सरकारी घोषणा, योजना, पुरस्कार: केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी. राज्याचे शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तारखेनुसार मिळतात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा कधी मिळाला? ३ ऑक्टोबर २०२४, मंत्रिमंडळाचा निर्णय. हे पीआयबीवर शोधून बघा, सवय होईल.

लोकसंख्या, साक्षरता, लिंगगुणोत्तर: जनगणना. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. याहून मोठा आकडा दिसला तर तो अंदाज आहे, मोजणी नाही. उत्तर लिहिताना ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द सोडू नका.

विज्ञान, इतिहास, व्यक्तिपरिचय: मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. लेख जाणकारांनी लिहिलेले आहेत आणि भाषा नेमकी आहे. मात्र मूळ खंड १९७६ पासून छापलेले, त्यामुळे त्यातली उत्पादनाची, लोकसंख्येची, पदाधिकाऱ्यांची माहिती त्या त्या काळातली धरायची.

गावं, किल्ले, नद्या, बाजारपेठा: जिल्हा गॅझेटियर, म्हणजे एकेका जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ. ब्रिटिश काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेली आणि नंतर राज्य सरकारने काढलेली, दोन्ही स्कॅन स्वरूपात मिळतात. जुनी पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि ‘गूगल बुक्स’वर, आणि बंद पडलेली किंवा बदललेली पानं ‘वेबॅक मशीन’वर.

खेळाडूंचे विक्रम: त्या त्या संघटनेचं अधिकृत संकेतस्थळ. खाशाबांच्या वजनगटाबद्दल मराठी लेखांत ५२ किलो आणि ५७ किलो असे दोन्ही आकडे दिसतात. ऑलिम्पिकच्या नोंदी पाहिल्या की उलगडा होतो: १९४८ मध्ये लंडनला ते ५२ किलोच्या फ्लायवेट गटात सहावे आले होते, पदक मिळालं ते १९५२ ला ५७ किलोच्या बँटमवेट गटात. दोन्ही आकडे खरे, फक्त लिहिणाऱ्यांनी एक ऑलिम्पिक दुसऱ्याला जोडलं.

तारखांसाठी वेगळी सावधगिरी

सामान्यज्ञानातला लाडका योगायोग: गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, १६४२. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, इटलीत, म्हणजे आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, पण इंग्लंडमध्ये, जिथे तेव्हा जुनं, दहा दिवस मागे असलेलं ज्युलियन पंचांग चालू होतं. ग्रेगोरियनप्रमाणे ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते. एकच पंचांग दोघांना लावलं की योगायोग मोडतो.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेबाबत तर दोन थर आहेत. एक, शके १५४९ की १५५१, म्हणजे १६२७ की १६३०, हा साधनांचा वाद. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या सनावळीत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी आहे आणि महाराष्ट्र शासनाने त्यानुसार १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारली आहे. दोन, ही १९ फेब्रुवारी ज्युलियन आहे, ग्रेगोरियनमध्ये ती १ मार्च येते. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आणखी निराळा. प्रश्नमंजुषेत कोणी हे विचारलं तर शासनमान्य तारीख द्या, आणि वहीत मात्र तिथी आणि साधनाचं नाव दोन्ही लिहा.

पुरस्कारांची वर्षंही अशीच फसवतात. भालचंद्र नेमाड्यांचा ज्ञानपीठ २०१४ सालचा, पण जाहीर आणि प्रदान झाला २०१५ मध्ये. वर्तमानपत्रांच्या बातम्या २०१५ च्या असल्यामुळे उत्तर ‘२०१५’ लिहिणारे पुष्कळ. बातमीची तारीख आणि पुरस्काराचं वर्ष वेगळं असतं.

आणि ‘सध्या’ असलेला प्रत्येक प्रश्न नासतो. राज्य स्थापन झालं तेव्हा महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यावर ३६ झाले. ‘३५ जिल्हे’ म्हणणारी पानं अजून जिवंत आहेत. त्यांच्यात खोटं काही नव्हतं, फक्त ती कोणी पुसली नाहीत. पान शेवटचं कधी बदललं ते तळाशी बघायचं.

अनोळखी पान भेटलं तर

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवून काय करतात ते पाहिलं. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले: रचना चांगली आहे, बोधचिन्ह भारदस्त आहे, संदर्भांची यादी लांब आहे. पडताळणीवाल्यांनी पान जेमतेम पाहिलं, लगेच नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. निर्णय त्यांचाच लवकर लागला आणि बरोबरही आला. तुम्हीही तसंच करा. ‘आमच्याविषयी’ वाचून फार उपयोग नाही, स्वतःबद्दल वाईट कोण लिहितो?

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोसाठी गूगल लेन्स किंवा टिनआय, फोटो टाकून तो आधी कुठे आला ते शोधणारी साधनं. फोटो जुना आहे का, दुसऱ्याच देशातला आहे का, एवढं तरी दोन मिनिटांत कळतं.

नोंद कशी ठेवायची

वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक प्रश्नासाठी एवढं लिहा: प्रश्न नेमक्या शब्दांत, उत्तर, उत्तराची अट, मूळ साधन, पाहिल्याची तारीख. साधन म्हणून ‘गूगल’ लिहू नका. गूगल शोधून देतं, सांगत नाही. पुस्तक असेल तर पान क्रमांक हवा. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण दुवे मरतात.

याचा रोकडा फायदा स्पर्धा परीक्षेत होतो. एमपीएससी परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवते. तिथे ‘क्लासच्या नोट्समध्ये असं आहे’ याला किंमत नाही, प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथाचा किंवा सरकारी कागदाचा पुरावा जोडावा लागतो. वही नीट असेल तर तो पुरावा शोधायला रात्र जागावी लागत नाही. अंतिम उत्तरतालिकेत उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्दही होतात, ते अशाच हरकतींमुळे.

शाळेच्या स्पर्धेत परीक्षकाशी वाद घालायचा असेल तर आवाज खाली ठेवा आणि साधन पुढे करा. प्रश्नातला नेमका शब्द दाखवा: “सर, प्रश्नात ‘स्वतंत्र भारत’ म्हटलेलं नाही.” बहुतेक परीक्षक ऐकतात. न ऐकणारेही असतात, तिथे पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

वेळ कमी असेल तर

सगळ्याच प्रश्नांना एवढी मेहनत लागत नाही. सोन्याची रासायनिक संज्ञा तपासायला गॅझेटियर उघडायचं नसतं. मी स्वतः तीन प्रकारच्या प्रश्नांवर थांबतो: ज्यात ‘पहिला’ किंवा ‘एकमेव’ आहे, ज्यात कोणाचं वचन कोणाच्या नावावर आहे, आणि ज्याचं उत्तर ऐकताच ‘वा!’ म्हणावंसं वाटतं. तिसऱ्या प्रकारात भेसळ सर्वाधिक.

सरावासाठी दोन प्रश्न

लोकमान्य टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ कोणी म्हटलं? व्हॅलेंटाइन चिरोल, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून उत्तर शोधू नका. चिरोलचं १९१० चं इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्यात ते वाक्य शोधा, मागचं आणि पुढचं पान वाचा आणि चिरोल ते कौतुकाने म्हणतोय की तक्रारीने, ते ठरवा. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये खटला का भरला, तेही तिथेच समजायला लागेल.

दुसरा: भारतातली पहिली स्त्री डॉक्टर कोण? आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या, व्यवसाय करायला वेळच मिळाला नाही. त्याच १८८६ मध्ये कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी प्रॅक्टिस केली. डॉ. रखमाबाईंनी लंडनमध्ये शिकून सुरत आणि राजकोटला दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आता या तिघींवर असे तीन प्रश्न लिहा की प्रत्येकाला एकच नाव बसेल, दुसरं बसणार नाही. मग ते वर्गातल्या सगळ्यात वादखोर मित्राकडे द्या आणि त्याला फोन घेऊन ते पाडायला सांगा.